क्यू सरांच्या घरची डुलती पावले

आठवड्यातून एकदा नळाला पाणी येण्याचा तो दिवस होता, आणि त्यामुळे घरातील प्रत्येकाच्या हाती काही ना काही भांडे होते. मन्मथ हिप्परगे सर तेवढे ओसरीच्या पायरीवर बसून सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. पाणी भरण्याच्या कामात त्यांची मदत कमी आणि अडचण अधिक होते, असे त्यांच्या पत्नीने, शांतम्माने, फार पूर्वीच ठरवून टाकले होते. नऊ वर्षांची मालविका अंगणातल्या नळापासून स्वयंपाकघराच्या दाराकडे एक छोटी कळशी नेत होती. कळशी अर्धीच भरलेली. अंगणात शहाबादी फरशी, सपाट आणि कोरडी. तरीही मुलीचे पाय रुंद फाकले, उजवे पाऊल टेकण्यापूर्वी हवेत क्षणभर रेंगाळले, आणि कळशीतले पाणी आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने हिंदकळून सांडले.

"आगं, ध्यान कुठं हाय तुजं?" शांतम्मा नळापाशी बसल्या बसल्या ओरडली. "आठ दिसांचं पानी हाय त्ये. नाचत नेऊ लालीस का?"

"मी न्हाई नाचू लाले," मालविका फणकारली. "कळशीच हलू लाली."

सरांचे लाल पेन पेपरावर टेकलेले होते तिथेच राहिले आणि त्याखालचा शाईचा ठिपका मोठा होत गेला. ती चाल त्यांच्या ओळखीची होती. त्यांचा थोरला मुलगा रेवण गेली चौदा वर्षे तसाच चालत होता. पण मालविकाला ती चाल असणे शक्यच नव्हते. रेवणची चाल भूकंपाने दिलेली होती, आणि मालविकाचा जन्म भूकंपानंतर अकरा वर्षांनी झालेला होता.

मन्मथ सर मूळचे औसा तालुक्यातील, तेरणा नदीच्या काठच्या एका गावचे. घराण्यातील पहिले पदवीधर. उदगीरला महाविद्यालयीन शिक्षण, पुढे औरंगाबादला पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राची नोकरी, असा त्यांच्या आयुष्याचा पहिला भाग अगदी सरळ रेषेत गेला. लातूरची मुले गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि नांदेड, परभणी, बीडकडून पालक आपली मुले घेऊन लातुरात उतरू लागले, तेव्हा गल्लोगल्ली खोल्या भाड्याने निघाल्या, खाणावळी निघाल्या, आणि सरांनीही नोकरी सोडून स्वतःचे शिकवणी वर्ग काढले. वर्गात खडूची पेटी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, डस्टर डाव्या कोपऱ्यात. आकृतीला नावे देताना सर्व बाणांची टोके एकाच उभ्या रेषेत. उशिरा येणाऱ्याला ते रागावत नसत, फक्त तो बसेपर्यंत शिकवणे थांबवत. त्या शांततेची मुलांना छडीपेक्षा अधिक धास्ती होती.

मुले त्यांना पाठीमागे 'क्यू सर' म्हणत. हे नाव त्यांना पेशीय श्वसनाच्या प्रकरणामुळे मिळाले होते. पेशीतल्या तंतुकणिकेची आकृती काढून ते तिच्या आतल्या पडद्यात एकामागे एक चौकोन मांडत आणि सुरुवात करत:

"ही समजा गंजगोलाईच्या बाजारातली एक नंबरची पेढी. ही दोन नंबरची. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन, म्हणजे आपला माल, तो या दोन्ही पेढ्यांवर येतो. पण पुढे न्यायचा आहे तीन नंबरच्या पेढीवर. पेढ्या पडद्यात रोवलेल्या आहेत. पेढी उठून चालत येते का रे?"

"नाही, सर!"

"मग माल कोण नेणार?"

"हमाल, सर!"

"तो हमाल म्हणजे को-एन्झाइम क्यू. लहानखुरा, चपळ. पडदा स्निग्ध पदार्थाचा, म्हणून हाही स्निग्धात विरघळणारा. मागे दहा कड्यांचे लांब शेपूट. एक आणि दोन नंबरकडून उचलतो, तीन नंबरकडे टाकतो, रिकाम्या हाताने परत येतो. हे अखंड चालते. तुम्ही आत्ता बसला आहात, डोळे उघडे आहेत, हृदय चालू आहे, ते याच्या जिवावर. बाजार केवढाही मोठा असो, हमाल बसला की गोलाई बसली."

वर्ग हसे. एखादा धीट मुलगा विचारी, "सर, हमाल संपावर गेला तर?"

"जात नाही. पेशी आपला हमाल घरातच घडवते, बाहेरून आणत नाही. आणि हा प्रश्न परीक्षेत येत नाही. पुढचं लिहा."

वर्षानुवर्षे हाच धडा, हाच विनोद, हेच उत्तर. त्या मुलांतून कितीतरी डॉक्टर झाले होते आणि सरांना त्याचा रास्त अभिमान होता.

भूकंप झाला तेव्हा सर लातुरात होते आणि शांतम्मा गावी सासूजवळ होती. तिला सहावा महिना होता. ती देगलूरची, सरांच्या सख्ख्या मामाची मुलगी. सासू नागुबाई ही तिची सख्खी आत्या, आणि लग्नानंतरही ती तिला आत्याच म्हणत असे. आदल्या वर्षी त्या भागात धक्के बसले होते, तेव्हा सारा गाव काही दिवस उघड्यावर झोपला आणि मग कंटाळून पुन्हा घरात गेला होता. नागुबाईने मात्र आपले अंथरूण अंगणातच ठेवले. अनंत चतुर्दशीच्या रात्री तिने सुनेलाही बाहेर बोलावले. शांतम्मा गेली नाही. पोटुशी बाईने उघड्या आभाळाखाली झोपू नये, असे तिच्या माहेरी मानत.

सकाळी लोकांनी दगडमातीच्या ढिगाऱ्यातून तिला जिवंत काढले. सासरे त्याच ढिगाऱ्यात गेले. मिळेल त्या ट्रकला लटकून सर पोहोचले तेव्हा ती लिंबाच्या झाडाखाली बसलेली होती. केस, पापण्या, ओठ सगळे एका मातकट रंगाचे झालेले, आणि दोन्ही हात पोटावर. सरांनी तिला हाक मारली. तिने त्यांच्याकडे पाहिले, पण ओळख अशी दाखवली नाही. गाव कुठे होते हे सरांना तेथे उभे राहूनही ठरवता येत नव्हते.

जानेवारीत रेवण जन्मला. धडधाकट. वेळेवर बसला, वेळेवर चालला. मरणाच्या दारातून आलेले मूल म्हणून सारे भूकंपग्रस्त गाव त्याचे कौतुक करी. पाच वर्षांचा झाल्यावर मात्र त्याची पावले फाकू लागली. हातातली वाटी ओठापर्यंत जाताना थरथरे. शब्द जड झाले, तुटक येऊ लागले. शाळेत धावताना तो लवकर थके आणि बसून राही. औषधे झाली, अंगारे झाले, सोलापूर झाले. पण कोणत्याही दवाखान्यात पहिला प्रश्न येण्याआधी नागुबाईच सांगून टाकी, "पोटात हुता तवा भिताड पडलं आईच्या अंगावर. धसका घेतला लेकरानं." ऐकणारा डॉक्टर हळहळे, मान हलवी, आणि त्यापुढे फारसे काही विचारीत नसे. गावातली माणसे म्हणत, "त्याच्या पायाखालची जमीन अजून थांबली न्हाई." हे वाक्य इतके चपखल होते की ते खरे आहे की नाही हे तपासण्याची गरज जीवशास्त्राच्या शिक्षकालाही वाटली नाही.

शांतम्माला मात्र त्या वाक्याची दुसरी बाजू रोज ऐकावी लागे. रेवण पडला की नागुबाई म्हणे, "भाईर ये म्हनलं हुतं मी." एवढेच. त्यापुढे काही नाही. शांतम्मा खाली मान घालून मुलाला उठवी.

दुसरे मूल तिला नको होते. तेव्हा सरांनीच तिची समजूत घातली होती. त्यांचे शब्दही त्यांना आठवत होते: "भूकंप काय पुन्हा पुन्हा येतो का, शांता?"

कळशी सांडल्यापासून सरांनी मालविकाकडे डोळे लावले. तिच्या वहीतले अक्षर ओळ सोडून वर चढू लागले होते. त्यांनी तिला खेळ म्हणून फरशीच्या सांध्यावरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगितले. तिने प्रयत्न केला, भिंतीला हात लावला आणि हसून म्हणाली, "आप्पा, हे तर दादासारखं झालं." ते हसू सरांच्या काळजात रुतले.

त्यांचा एक जुना विद्यार्थी, डॉ. श्रीपाद नळगीरकर, नांदेडला मज्जाविकारांचा तज्ज्ञ म्हणून काम करीत होता. सर दोन्ही मुलांना आणि शांतम्माला घेऊन तिकडे गेले. डॉ. श्रीपादने खुर्ची सोडून वाकून नमस्कार केला, मुलांना चालवले, नाकाला बोट लावायला सांगितले, बोलते केले. नागुबाई सोबत नव्हती. म्हणून भूकंपाची हकीकत सरांनीच सांगितली. डॉक्टरने ती शेवटपर्यंत ऐकली.

"सर, मालविकाचा भूकंपाशी काय संबंध?"

"तेच विचारायला आलो आहे."

"आणि एक विचारतो. तुमचं आणि काकूंचं लग्नाआधीचं काही नातं?"

"मामाची मुलगी," सर म्हणाले. "आमच्याकडे ही रीतच आहे." आणि ते म्हणत असतानाच त्यांना जाणवले की, पेशीय श्वसन संपल्यावर ते फळ्यावर जे प्रकरण घेतात, त्यातील चौकटी आपोआप त्यांच्या डोळ्यांपुढे आखल्या जात आहेत. आनुवंशिकतेच्या त्या चौकटी त्यांनी हजारो मुलांकडून बिनचूक भरून घेतल्या होत्या. स्वतःचे घर त्यांत कधी भरून पाहिले नव्हते.

एमआरआय यंत्रावर मेंदूचे चित्र काढले. तोल सांभाळणारा मागचा लहान मेंदू रेवणचा बराच आकसलेला होता, मालविकाचा थोडासा. चौघांचे रक्त तपासणीसाठी बाहेरगावी गेले. काही आठवड्यांनी डॉक्टरचा फोन आला आणि सर एकटेच नांदेडला गेले.

"बसा, सर."

"उभाच बरा आहे. बोल तू."

श्रीपादने अहवाल सरांपुढे सरकवला. मग म्हणाला, "हे मला तुम्हीच शिकवलं आहे, सर. म्हणून कसं सांगावं कळत नाही. मुलांच्या पेशींत को-एन्झाइम क्यू कमी पडतो आहे."

सरांना प्रथम वाटले की हा जुनी आठवण काढतो आहे. त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षकाचे सवयीचे स्मित आलेसुद्धा. मग ते स्मित तसेच चेहऱ्यावर राहिले आणि त्यामागचे सगळे निघून गेले.

"यात काहीतरी चूक आहे," ते म्हणाले. "क्यू कमी पडत नाही. पेशी तो स्वतः बनवते."

"बनवते, सर. पण बनवण्याच्या कृतीत बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला कुणीतरी हात लावणारा लागतो. त्यातल्या एका मदतनिसाचं जनुक बिघडलेलं आहे. तुमच्याकडे एक प्रत बिघडलेली, एक चांगली. काकूंकडेही तसंच. म्हणून तुम्हा दोघांना काही नाही. मुलांना दोन्ही बिघडलेल्या आल्या. थोडा क्यू तयार होतो, म्हणून मुलं जगली, वाढली. पण लहान मेंदूच्या पेशींना ऊर्जा फार लागते. त्यांना तो पुरत नाही. शिवाय पडद्यातल्या स्निग्धाला गंजण्यापासून वाचवण्याचं कामही तोच करतो, तेही अर्धवट राहतं."

"रेवणचंही हेच?"

"दोघांचं एकच."

"आणि भूकंप?"

"भूकंपाचा काही संबंध नाही, सर."

खिडकीबाहेर रिक्षावाले ओरडत होते. सर खाली बसले. चुकीचे उत्तर बरोबर समजून त्यावर गुण देत गेलेल्या परीक्षकाने पुन्हा पहिल्या पेपरापासून सुरुवात करावी, तसे त्यांचे मन वीस वर्षे मागे जाऊन एकेक प्रसंग उलथू लागले, आणि कोणताच प्रसंग जागेवर राहीना.

"औषध?" त्यांनी विचारले.

"क्यूच द्यायचा. तोंडावाटे, मोठ्या मात्रेत. तुपातेलाच्या जेवणासोबत, म्हणजे अंगात उतरेल. काहींना चांगला फरक पडतो, काहींना पडत नाही. मालविकाची सुरुवात आहे, तिच्याबद्दल मला आशा आहे. रेवणचं... जे आकसलं ते भरून येत नाही, सर. राहिलंय ते टिकलं तरी पुष्कळ."

"हा विकार माहीत कधी झाला?"

डॉक्टरने हे टाळायचे ठरवले असावे; पण सरांपुढे त्याला कधीच उत्तर टाळता आले नव्हते. "तोल जाण्याचा हा प्रकार क्यूच्या कमतरतेने होतो, अशी पहिली वर्णनं रेवण सात-आठ वर्षांचा असताना छापून आली. हे जनुक त्यानंतर काही वर्षांनी सापडलं. सर, तेव्हा मी नुकता डॉक्टर झालो होतो. मलाही काही माहीत नव्हतं. आपल्याकडे कुणालाच नव्हतं."

सरांनी मान हलवली. रेवण सात वर्षांचा असताना ते दर वर्षी तीन तुकड्यांना क्यू शिकवत होते.

घरी पोहोचले तेव्हा दुपार टळत होती. ओसरीवर शांतम्मा तूर निवडत होती, नागुबाई भिंतीला टेकून बसली होती, आणि खुर्चीत बसलेला रेवण वडिलांच्या प्रश्नसंचातील चुका शोधत होता. त्याचे पाय साथ देत नसले तरी त्याची बुद्धी तल्लख होती, आणि सरांच्या छापील प्रश्नांत चूक काढणे हा त्याचा आवडता उद्योग होता. मालविका शाळेत होती. सरांनी चपला जागेवर ठेवल्या, हातपाय धुतले, आणि कोणतीही प्रस्तावना न करता, सोप्या शब्दांत, क्रमाने सर्व सांगितले.

शांतम्माच्या हातातली तूर सुपात पडली.

"मंजी भिताडानं न्हाई?"

"नाही."

"मी भाईर झोपले आसते तरी...?"

"तरी असंच झालं असतं."

तिला हायसे वाटेल, अशी सरांची अपेक्षा होती. एवढी एकच बातमी तिला देता येईल म्हणून ते सारा रस्ता शब्द जुळवत आले होते. पण तिचा चेहरा पाहून ते घाबरले. लिंबाच्या झाडाखाली पाहिलेला तोच मातकट, ओळख नसलेला चेहरा होता तो.

"वीस वरसं मी भिताडाचं समजून चालले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आत्या बोलायच्या, मी ऐकून घ्यायची. भिताडाला कोन इचारतंय, का पडलास म्हून? पर तुमी भिताड न्हाई. तुमी मास्तर हाव. मालूच्या येळेला मी नगं म्हनलं हुतं. आठवतंय का? तुमीच म्हनलाव, भूकंप काय परत येतोय का."

"मला माहीत नव्हतं, शांता."

"रोज तेच शिकवत हुताव की!"



"काय बी सांगतो त्यो डाक्टर," नागुबाई मध्येच कडाडली. "आमच्या रक्तात खोट काढतो का? आमच्यात कुनालाच न्हवतं आसलं. माज्या भावाला न्हाई, मला न्हाई. माज्या बापाचा धाकला भाऊ, मल्लूकाका, तेवढा डुलत चालायचा. पर त्यो म्हशीवरनं पडला हुता."

रेवणने हातातले कागद मांडीवर ठेवले.

"अव्वा," सरांनी आईला अगदी हळू विचारले, "मल्लूकाका म्हशीवरून पडायच्या आधी कसा चालायचा?"

"आधी?" नागुबाई म्हणाली. "आधी बी तसाच. म्हून तर त्याला म्हशीवर बसवायचे, रानात जायाला. चालवंना म्हून." आणि आपणच काय बोललो ते तिच्या कानावर पडल्यासारखे तिचे तोंड उघडेच राहिले. तिने एकवार सुनेकडे पाहिले, नातवाकडे पाहिले, आणि सुरकुतलेला हात तोंडावर दाबून ती भिंतीकडे वळली. क्षमा वगैरे शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसत आणि तिनेही उच्चारला नाही. पण "भाईर ये म्हनलं हुतं" हे वाक्य त्या दुपारनंतर तिच्या तोंडून कुणी ऐकले नाही.

या साऱ्यात रेवणला कुणी काही विचारले नव्हते. एकेक शब्द सोडवून घेत तो बोलू लागला तेव्हा सारे दचकले.

"मंजी... मी भूकंपातला न्हाई?"

"तसं नाही रे. तू पोटात होतास, वाचलास, ते खरंच आहे."

"हाव. पर चाल... भूकंपाची न्हाई." तो थोडा थांबला. "दर साली गावाकडं... भूकंपाच्या कार्यक्रमाला... मला म्होरल्या खुर्चीत बसवतेत. पाहुना येतो, डोक्यावर हात ठिवतो. लोकं रडतेत. आता काय करू, आप्पा? खुर्ची... वापस देऊ का?"

तो स्वतःच हसला. हसताना त्याची मान डोलली. इतर कुणालाही हसता आले नाही. ज्या गोष्टीवर त्याने आपली सारी ओळख उभी केली होती, ती गोष्ट खरी नव्हती, आणि खरी गोष्ट त्याच्या वडिलांच्या फळ्यावर त्याच्या लहानपणापासून लिहिलेली होती, हे त्याला त्या घरात सर्वांत आधी उमगले असावे.

दुसऱ्या दिवशी पेशीय श्वसनाचे प्रकरण होते. सरांनी नेहमीप्रमाणे पडदा काढला, चौकोन मांडले, आणि दोन चौकोनांच्या मधे क्यू लिहिला. मुले आपल्या वाक्याची वाट पाहत होती. "सर, हमाल!" मागच्या बाकावरून कुणीतरी आठवण केली. वर्गात हशा पिकला. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि हशा विरून वर्ग चिडीचूप झाला तरी वळले नाहीत. शेवटी त्यांनी खडू पेटीत ठेवला आणि म्हणाले, "आज एवढंच." तास अर्ध्यात सोडण्याची ही त्यांच्या आयुष्यातील पहिली वेळ होती.

औषध सुरू झाले. कॅप्सूल देण्याचे काम शांतम्माने आपल्याकडे घेतले. ते दुसऱ्या कुणी केलेले तिला चालत नसे. भाकरीवर तुपाची धार धरायची, दोन्ही मुलांना समोर बसवायचे, गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायचे. ती सरांशी कामापुरते बोलत होती. पहिला महिना काही घडले नाही. दुसराही तसाच गेला. मालविका जिन्यावरून पडली आणि कोपर सोलवटले. त्या दिवशी शांतम्माने कॅप्सूलची बाटली सरांच्या टेबलावर आणून ठेवली आणि विचारले, "ह्यात खरंच काय हाय का, का पुन्यांदा मला समजूत घालू लालाव?" सरांनी बाटली उचलून परत तिच्या हातात दिली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "या वेळी खरंच माहीत नाही. पण थांबवू नको." ती बाटली घेऊन आत गेली.

सहा महिन्यांनी सगळे पुन्हा नांदेडला गेले. डॉ. श्रीपादने मालविकाला फरशीच्या सांध्यावरून चालवले, पुन्हा चालवले, जुने टिपण काढून त्याशेजारी नवे, सुधारलेले आकडे लिहिले आणि कागद सरांच्या हातात दिला. मग रेवणची पाळी आली. रेवण भिंत धरून गेला, भिंत धरून आला.

"फरक नाही, रेवण," डॉक्टर म्हणाला. त्याला खोटे बोलवले नाही. "पण वाढलंही नाही. गेल्या खेपेला होतास तिथेच आहेस."

"मी रिपीटर बॅच हाय, सर," रेवण म्हणाला. "हिला... पयल्या झटक्यात पास करा."

परतीच्या एसटीत ती बातमी कुणी मोठ्याने उच्चारली नाही. कागदावरची सुधारणा सरांनी आयुष्यभर पाहिली होती. तिच्यावर विश्वास ठेवण्याचे धैर्य त्यांच्यात उरले नव्हते. शांतम्मा खिडकीबाहेर पाहत होती. अहमदपूरच्या स्थानकावर गाडी थांबली तेव्हा भज्यांचा वास आला, आणि कुणी काही म्हणण्याच्या आत मालविका खाली उतरूनही गेली.

"आगं, थांब! पायरी उंच हाय!" शांतम्मा अर्धवट उठली. तोपर्यंत पोरगी गर्दीत दिसेनाशी झाली होती.

ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत भज्यांचे कागदी पुडे होते. एसटीच्या पायऱ्यांपाशी ती क्षणभर थांबली, वर पाहिले, आणि दांडीला हात न लावता एक पाय वर टाकला. मग दुसरा. वरच्या पायरीवर ती किंचित झुकली, सावरली, बाकांच्या मधल्या अरुंद वाटेतून कुणाच्या गुडघ्याला न लागता आली, आणि एक पुडा रेवणच्या ओंजळीत ठेवत म्हणाली, "गरम हाय, दादा. दोन्ही हातांनी धर."

आनंद असा सरांना प्रथम झालाच नाही. झाला तो जबर धक्का. एवढेच हवे होते. पडद्यात धावणारा एवढासा हमाल, रोज तुपाच्या धारेसोबत. रेवण सात वर्षांचा असताना एवढेच कुणी दिले असते तर, हा विचार त्यांनी अर्ध्यावरच तोडला, कारण रेवण त्यांच्याकडेच पाहत होता आणि त्याच्याही मनात तेच चालले होते हे उघड दिसत होते. त्याने डोळे मिटून मान हलवली, जणू म्हणत होता: राहू द्या, आप्पा.

शांतम्माने समोरच्या बाकाची दांडी अजून सोडली नव्हती. कितीतरी महिन्यांनी तिने आपण होऊन नवऱ्याच्या बाहीला हात लावला.

"अवं," ती कुजबुजली. "मला नीट दिसलं न्हाई. तिला अजून एकदा धाडा की खाली. चटनी इसरली म्हून सांगा."

"आई!" मालविका वैतागली. "आत्ताच तर आले!"

"जा बाळ," सर म्हणाले. "चटणी आण."

मुलगी कुरकुरत उठली. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आणि ओरडला, "ओ पाहुनं, गाडी सुटू लाली! आता कोन उतरू लालंय?"

आयुष्यात कधीही कुणाचा खोळंबा न केलेले मन्मथ हिप्परगे सर उठले आणि वाटेत आडवे उभे राहिले.

"थांबावं लागेल," ते म्हणाले. "माझी मुलगी चढते आहे."